ग्रंथ कसा पारखावा?



चातुर्मास आला की आपल्याकडे गावोगावी पोथी लागते. महाड-पोलादपूरच्या बाजूला भातलावणी आटोपते, पाय चिखलातून निघतात, आणि संध्याकाळी देवळात दिवा लागला की ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, भक्तिविजय असा कोणता ना कोणता ग्रंथ चालू होतो. तेव्हा ग्रंथ वाचणे आपल्याला नवे नाही. परंतु ग्रंथ पारखणे ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपण फारशी शिकलेलो नाही. आजकाल आपल्या मुलाबाळांच्या हाती धर्मावर टीका करणारी, देव नाही म्हणणारी, किंवा देवावाचूनही नीती उभी राहते असे सांगणारी पुस्तके येतात. त्यांचे काय करावे, असे मला सप्ताहाच्या मंडपात अनेकांनी विचारले आहे. कोणी म्हणतो, फेकून द्या. कोणी म्हणतो, वाचूच नका, म्हणजे झाले. मीही पूर्वी असेच काहीसे सांगत असे. त्यातून माझी जी फजिती झाली ती आधी सांगतो, आणि मग पाठाकडे वळतो.

पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरगावात अखंड हरिनाम सप्ताह होता. सहाव्या रात्रीचे कीर्तन माझ्याकडे. निरूपणाच्या ओघात मी नास्तिकांकडे वळलो. एक मराठी पुस्तक तेव्हा बरेच बोलले जात होते. त्यात अमुक लिहिले आहे, तमुक लिहिले आहे, असे मला कोणी तरी सांगितले होते. मी त्या लेखकाची यथेच्छ टवाळी केली. नास्तिक म्हणजे कर्ज काढून तूप पिणारा, असे सांगून नक्कल केली. लोक पोट धरून हसले, टाळ्या वाजल्या, मलाही बरे वाटले. कीर्तन संपल्यावर टाळकऱ्यांतला एक तरुण जवळ आला. मुंबईला नोकरी करणारा, सप्ताहापुरता गावी आलेला. त्याचे वडील गावचे विणेकरी. त्याने मला हळूच विचारले, "बुवा, ते पुस्तक तुम्ही वाचलंत का?" मी म्हणालो, "अरे बाबा, त्यात वाचण्यासारखं आहे तरी काय?" तो काही बोलला नाही. नमस्कार करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला टाळकऱ्यांच्या रांगेत त्याची जागा रिकामी होती. त्याचे वडील मला म्हणाले, "बुवा, पोरगा म्हणतो, जिथं न वाचता शिव्या देतात तिथं मी टाळ वाजवणार नाही."

ते वाक्य मला लागले. घरी आल्यावर ते पुस्तक मिळवून मी वाचले. जे मी त्या लेखकाच्या तोंडी घातले होते ते त्यात नव्हतेच! पुस्तकाचे नाव येथे देत नाही. एकदा केलेली नालस्ती पुन्हा नावानिशी आठवून देण्यात अर्थ नाही. त्या लेखकाचे सारे म्हणणे मला पटले, असेही नाही. पण वारकऱ्याने खोटे बोलू नये हा आपला पहिला नेम, आणि तो मी व्यासपीठावर उभा राहून, गळ्यात वीणा घेऊन मोडला होता.

त्या रात्री मला माझे शास्त्रीबुवा आठवले. माझे शिक्षण जुन्या पाठशाळेतले. लघुकौमुदी, तर्कसंग्रह, मुक्तावली, वेदान्तसार, या वाटेने आम्ही गेलो. एखादे मत खोडायला आम्ही घाईने उठलो की शास्त्रीबुवा खाली बसवीत आणि म्हणत, "आधी पूर्वपक्ष मांड. असा मांड, की पूर्वपक्ष्याने मान डोलावली पाहिजे. तोवर सिद्धांताला हात लावू नकोस." मी हे घोकून पाठ केले होते, आणि कीर्तनात मात्र विसरलो होतो.

हा काही एका शास्त्र्याचा लहरी नियम नव्हे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला. त्यात सोळा दर्शने सांगितली आहेत, आणि पहिला मान दिला आहे चार्वाकाला! चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी आपल्या ग्रंथांत नोंदवून ठेवले म्हणून. आपल्या माउलींचेही तसेच. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन आहे. तेथे जगाला ईश्वर नाही म्हणणाऱ्याचे मत ज्ञानेश्वर महाराज एका वाक्यात उडवून देत नाहीत; त्याला त्याच्याच तोंडाने, दृष्टान्त देऊन, सविस्तर बोलू देतात. ज्याला आपल्या सिद्धांताचा भरवसा आहे तो दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेतो.

आता ग्रंथ पारखावा कसा, ते क्रमाने पाहू.

पहिली पारख : ग्रंथ कोणासाठी, कशासाठी?

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी पाहतात. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. सोप्या भाषेत सांगायचे तर, हे कोणासाठी लिहिले, कशाविषयी लिहिले, ग्रंथ आणि त्याचा विषय यांचा मेळ बसतो का, आणि वाचून काय साधावे अशी लेखकाची इच्छा आहे. कोणतेही पुस्तक हाती आले की ह्या चार गोष्टी आधी शोधाव्यात. प्रस्तावना टाळून मधलेच पान उघडणारा वाचक निम्म्या वेळा फसतो.

याच ठिकाणी बोलण्याचे तीन प्रकार ओळखावेत. न्यायसूत्रांत ते सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून दोघे प्रमाणे देऊन बोलतात, तो वाद. जिंकावे एवढ्यासाठी शब्दच्छल करून बोलतात, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडीत सुटतात, ती वितंडा. नास्तिकांच्या पुस्तकांत वितंडा सापडते, तशी आस्तिकांच्या पुस्तकांतही सापडते. माझे त्या रात्रीचे कीर्तन शुद्ध वितंडा होती.

दुसरी पारख : पाठ खरा आहे का?

जे वाचतो आहोत ते खरोखर त्या ग्रंथकाराचे आहे काय? हा प्रश्न परक्यांनी आपल्याला शिकवलेला नाही. तो नाथमहाराजांनी शिकवला. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. पुढे हातोहात नकला होत गेल्या, कोणी ओव्या गाळल्या, कोणी आपल्या घुसडल्या. तेव्हा शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये असे बजावले. ज्या ग्रंथापुढे आपण डोके टेकतो त्याचीही तपासणी केल्याने भक्ती कमी होत नाही, हे नाथांनी कृतीने दाखवले.

आज मोबाइलवर कोणाच्याही नावाचे काहीही फिरते. तुकोबांच्या नावाने तुकोबांचे नसलेले अभंग फिरतात, आणि धर्मावर टीका करणाऱ्या विचारवंतांच्या नावाने त्यांनी कधी न लिहिलेली वाक्येही फिरतात. दोन्ही बाजूंना नियम एकच : मूळ पुस्तक उघडून त्यात ते सापडेपर्यंत प्रमाण मानू नये. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. त्यांना कुराण समजून घ्यायचे होते, तर ते अरबी शिकले आणि मूळ ग्रंथ वाचला. मगच त्यांनी कुराण-सार काढले. आपल्याला अरबी शिकणे जमणार नाही. पण मराठीत असलेले पुस्तक मराठीत तरी वाचावे की नाही?

तिसरी पारख : शब्द कोणत्या अर्थाने आला आहे?

'नास्तिक' हा शब्दच घ्या. आपण तो शिवीसारखा वापरतो, पण त्याचे अर्थ तीन आहेत. पाणिनीने चौथ्या अध्यायातल्या एका सूत्रात आस्तिक-नास्तिक हे शब्द सिद्ध केले आहेत. त्यावरील व्याख्याने सांगतात की परलोक नाही असे ज्याचे मत तो नास्तिक. मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. आणि व्यवहारात आपण म्हणतो, देव न मानणारा तो नास्तिक. आता गंमत पाहा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत जगाचा कर्ता ईश्वर मानलेला नाही. कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात सृष्टिकर्त्याची कल्पना खोडून काढली आहे. तरी सांख्य आणि मीमांसा ही दोन्ही आस्तिक दर्शने म्हणवतात, कारण ती वेद मानतात! म्हणजे आपल्या परंपरेत देवाचा कर्तेपणा न मानणारा आस्तिक होता.

उलट बाजूने महात्मा फुले घ्या. त्यांचे सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८९१ साली छापले गेले. धर्मग्रंथांवर आणि भटशाहीवर त्यात कडाडून टीका आहे. म्हणून पुष्कळांनी त्यांना नास्तिक ठरवले. पुस्तक वाचले तर दिसते की फुले पानोपानी निर्मिकाचे, म्हणजे जगाच्या कर्त्याचे, नाव घेतात. त्यांचे भांडण देवाशी नाही, मधल्या दलालांशी आहे. आपल्या संतांनी ढोंगी साधूंवर आणि कोरड्या पंडितांवर जे कोरडे ओढले ते आठवले, तर आपण फुल्यांना इतक्या सहज दूर लोटणार नाही. तेव्हा टीका देवावर आहे, ग्रंथावर आहे, पुजाऱ्यावर आहे की रूढीवर आहे, हे आधी ठरवावे. चौघांना एका गाठोड्यात बांधू नये.

चौथी पारख : तात्पर्य काय?

एक ओळ उचलून ग्रंथाला फाशी देऊ नये, आणि एक ओळ उचलून त्याची आरतीही करू नये. ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला मीमांसक सहा खुणा सांगतात : आरंभ आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा काय सांगितले आहे, नवीन काय सांगितले आहे, फळ काय सांगितले आहे, स्तुती-निंदा कशाची केली आहे, आणि युक्तिवाद कोणता केला आहे.

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. ते १९१५ साली छापले गेले. त्यात त्यांनी गीतेला हीच कसोटी लावली. नीतिशास्त्रावरचे पुस्तक कसे वाचावे याचाही तो उत्तम वस्तुपाठ आहे. 'देव बाजूला ठेवा, सुख हेच नीतीचे माप' असे म्हणणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांना ते आधी पुरते बोलू देतात. नुसता स्वार्थ, मग दूरवर पाहणारा स्वार्थ, मग परोपकाराला जागा देणारे मत, आणि शेवटी पुष्कळांचे पुष्कळ सुख, अशा पायऱ्या ते नीट लावतात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा चांगली कशी, हेही सांगतात. आणि मगच म्हणतात की डोकी मोजून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते. गीतारहस्याचा आणि ज्ञानेश्वरीचा रोख एक नाही, हे आपण वारकरी जाणतो. पण मत न पटणाऱ्याचे पुस्तक वाचावे कसे, हे टिळकांकडून जरूर शिकावे.

एक उदाहरण मीही करून दाखवतो. चार्वाक म्हणजे तूप पिणारा, हे विसरा. त्याचा खरा पूर्वपक्ष ऐका. तो म्हणतो : डोंगरावर धूर दिसला की तुम्ही म्हणता, तेथे अग्नी आहे. का? तर जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी. पण हे 'जेथे जेथे' तुम्ही पाहिले कधी? मागे होऊन गेलेले आणि पुढे होणारे सगळे धूर तुम्ही पाहिले नाहीत. अनुमानाने ठरवले म्हणाल, तर त्या अनुमानाला आणखी एक 'जेथे जेथे' लागेल, आणि त्याला अंत नाही. म्हणजे डोळ्यांपलीकडचे तुम्ही जे जे सांगता ते सगळे अधांतरी! आषाढात आंबेनळी घाटातून जाताना धुके कोणते आणि धूर कोणता हे कळत नाही, हा तर आपला नेहमीचा अनुभव. सांगा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा आहे काय?

यावर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर असे : शंका जरूर घ्या, पण आपल्याच वागण्याशी विरोध येईल तेथे ती थांबते. धुराबद्दल शंका घेणारालाही धूर हवा असला तर तो विस्तवच पेटवतो. उत्तर मोठे चोख आहे. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ह्या उत्तराने अनुमान सिद्ध होते, पंढरीचा विठोबा सिद्ध होत नाही. आणि आपणही कोठे अनुमान करून पंढरीला गेलो होतो? आईचे प्रेम सिद्ध झाल्यावर मूल आईकडे धावत नाही. तर्काने भक्ती मिळत नाही. पण तर्काने भक्तीतली भोंदूगिरी मात्र गळून पडते. तर्काचा एवढा उपयोग मानावा.

पाचवी पारख : मत आणि माणूस वेगळे पाहावेत

गीतेत आसुरी मताबरोबर आसुरी आचार सांगितला आहे. म्हणून आपण धरून चालतो की देव न मानणारा माणूस दुराचारीच असणार. येथे अनुभवाला विचारावे. गोपाळ गणेश आगरकर हे ईश्वराविषयी अज्ञेयवादी. १८८८ साली त्यांनी सुधारक पत्र काढले आणि रूढींवर इतके सडेतोड लिहिले की पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. हा माणूस कसा जगला? फर्ग्युसन कॉलेजात प्राचार्य असूनही साधेपणाने राहिला, दम्याने झिजत शिकवीत राहिला, आणि १८९५ साली चाळिशीच्या आतच गेला. टिळक आणि आगरकर तरुणपणी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र होते. पुढे मते फाटली, बोलणे तुटले. तरी आगरकर गेल्यावर टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. मते खोडणाऱ्याला माणसाची किंमत कळत होती.

उलट, कपाळी गोपीचंदन आणि गळ्यात माळ असूनही भावाची जमीन गिळणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्यावरून माळ खोटी ठरत नाही, तसे आगरकरांच्या सज्जनपणावरून त्यांचे मत खरे ठरत नाही. एवढेच ठरते, की दुराचाराचा आरोप करून मत खोडता येत नाही.

सहावी पारख : फळ काय आले?

आता कठीण भागाकडे येतो. आणि महाडात राहून तो टाळणे बरे नव्हे.

महाडचा माणूस चवदार तळ्यावरून रोज जातो-येतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव रावबहादूर बोले यांनी मांडला आणि मुंबई कायदेमंडळाने तो १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा. त्यावर काय झाले? लोकांना मारहाण झाली आणि तळे पंचगव्याने शुद्ध करून घेतले. पुढे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, आणि अनुमोदक होते पां. ना. राजभोज. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

पोथीला पाटावर ठेवून फूल वाहणारा मी माणूस. ग्रंथ जाळला हे ऐकून माझ्या पोटात कालवत असे, आणि कित्येक वर्षे मी त्या दिवसाविषयी बोलणेच टाळले. शेवटी ठरवले, की वर सांगितलेल्या पारखा मनुस्मृतीलाच लावून पाहाव्यात. ती मी पाठशाळेत शिकलो आहे, तेव्हा न वाचता बोलतो असे कोणी म्हणणार नाही.

मनुस्मृतीचे अध्याय बारा. सहाव्या अध्यायात धैर्य, क्षमा, चोरी न करणे, सत्य, अक्रोध अशी धर्माची दहा लक्षणे सांगितली आहेत. ती कोणीही शिरोधार्य मानावीत. पण आरंभ पाहा : ऋषी मनूकडे जातात ते सर्व वर्णांचे धर्म क्रमाने सांगा असे विचारायला. अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे, पाहा : वर्णाप्रमाणे मान वेगळा, नाव ठेवणे वेगळे, आणि आठव्या अध्यायात एकाच अपराधाला दंडही वेगळा. तेव्हा उच्चनीचपणा कोणी तरी मागून घुसडला, असे म्हणून आपली सुटका होत नाही. तो ग्रंथाच्या अंगात आहे. आणि फळ? तळ्यावर काठी घेऊन आलेल्यांनी मनुस्मृती वाचली होती असे मी म्हणत नाही. पण ज्या रूढीसाठी ते आले, ती ह्याच नावाचा आधार सांगत होती. तहानलेल्या माणसाला पाण्यावरून हाकलणे हे फळ ज्या झाडाला लागते त्याच्या मुळाशी काही तरी बिघाड आहे, हे सांगायला शास्त्री लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. त्याच मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे, की ज्याचा परिणाम दुःखात होतो आणि ज्याच्याविरुद्ध लोक आक्रोश करतात, तो धर्म असला तरी सोडावा. मनूचे हे एक वचन महाडच्या लोकांनी मानले असते, तर पुढचे काहीच घडले नसते!

मग मला दुसरा ग्रंथ आठवला. परंपरा सांगते की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. कारण काय? तर शूद्राला वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही. ही बुडवण्याची आज्ञा ज्या नियमावर उभी होती त्याच नियमाचे पुस्तक महाडला जाळले गेले. एकीकडे अधिकार हाती असलेल्यांनी एका वाण्याचे बोलणे बंद करायचा प्रयत्न केला. दुसरीकडे ज्यांना पाणीही मिळत नव्हते त्यांनी आपल्याला बांधणारा दोर जाळला. दोन्ही कृत्यांना एकाच मापाने मोजणे मला आता जमत नाही. माझा स्वतःचा मार्ग ग्रंथ जाळण्याचा नाही. मी वाचीन आणि चुकेल तेथे चूक म्हणेन. पण त्या दिवशी त्या मंडपात बसलेल्यांना मी दोष देणार नाही. गाथा बुडवल्याचे दुःख ज्याला कळते त्या वारकऱ्याला त्यांचे दुःख कळले पाहिजे.

सातवी पारख : आपल्यालाही तीच कसोटी

हीच पारख सर्वांत अवघड आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक काढले, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग घातला. चवदार तळ्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बहिष्कृत भारत काढले, तेव्हा त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घातल्या. हे वाचून आपली छाती फुगते. पण तेच बाबासाहेब पुढे, १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना, काय म्हणतात तेही वाचावे लागेल. ते म्हणतात, की संतांनी जातिव्यवस्थेवर मोहीम काढली नाही. देवाच्या दृष्टीने सर्व समान असे ते म्हणाले, पण माणसे माणसांत समान आहेत असा झगडा त्यांनी केला नाही.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. मग शास्त्रीबुवांचा नियम स्वतःला लावला आणि हा पूर्वपक्ष जितका बळकट करता येईल तितका करून पाहिला. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला वेशीचे काम करताना दरडीखाली गेले. त्यांची समाधी महाद्वारापाशी, बाहेर. आपण दरवर्षी त्या समाधीला हात लावून, डोळे पुसून, आत जात होतो. आणि चोखोबांच्या जातीची माणसे बाहेरच थांबत होती. साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले तेव्हा मंदिर सर्वांना खुले झाले. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षे! एवढ्या वर्षांत किती कीर्तने झाली असतील, किती वेळा चोखोबांचे चरित्र ऐकून मंडप रडला असेल. दार मात्र उघडले नाही. पूर्वपक्ष्याने मान डोलवावी असा हा पूर्वपक्ष आहे, आणि त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही.

जेवढे उत्तर आहे तेवढे सांगतो. अन्यायाविरुद्ध बोलायला शब्द लागतात. संतांचे शब्द लोकांच्या जिभेवर होते म्हणून मूकनायकाला आणि बहिष्कृत भारताला ते शिरोभागी घालता आले. साने गुरुजींनाही तेथूनच बळ मिळाले. बी संतांनी पेरले. राखण आपण केली नाही. म्हणजे दोष पुष्कळसा आपल्यावर, त्यांच्या मागून आलेल्यांवर, येतो. कोणाला हे उत्तर अपुरे वाटेल. मलाही काही रात्री तसेच वाटते. पण हे पुस्तक मी वाचलेच नसते, तर चोखोबांच्या समाधीला हात लावताना जे आज मला टोचते ते टोचले नसते. माझी भक्ती त्याने कमी झाली नाही. तिच्यातला आंधळेपणा काहीसा कमी झाला.

आता करावयाचे काय?

भात कांडल्यावर आपल्या माउल्या सुपाने पाखडतात. तूस उडून जाते, कणी वेगळी होते, तांदूळ राहतो. तूस दिसले म्हणून कोणी सगळे भात उकिरड्यावर फेकीत नाही, आणि भात आपल्या शेतातले म्हणून तुसासकट शिजवीतही नाही. ग्रंथाचेही तसेच करावे.

माझी सूचना अशी. आपल्या गावच्या मंडळाने एका पुस्तकाला तीन एकादश्या द्याव्यात. पहिल्या एकादशीला भजनानंतर अर्धा तास त्या पुस्तकातले निवडक प्रकरण नुसते वाचावे. टीका करू नये. दुसऱ्या एकादशीला एकाने लेखकाची बाजू लेखकाचा वकील होऊन मांडावी, आणि इतरांनी मध्ये बोलू नये. तिसऱ्या एकादशीला आपले उत्तर द्यावे. आणि ज्या प्रश्नाला उत्तर आले नाही तो वहीत लिहून ठेवावा. ती वही लपवू नये. पुढचा कीर्तनकार आला की त्याच्यापुढे ठेवावी. शिकलेल्या मुलांना बोलवावे, आणि ती बोलू लागली की दटावू नये. जे मूल घरात प्रश्न विचारू शकत नाही ते घराबाहेर उत्तरे शोधते, आणि मग परत येत नाही.

आता त्या तरुणाचे सांगतो. पुढच्या वर्षी त्याच गावी सहाव्या रात्री मी कीर्तनाला उभा राहिलो. निरूपणाच्या आधी हात जोडून सांगितले, की गेल्या वर्षी ह्या जागेवरून मी एका पुस्तकाविषयी खोटे बोललो; पुस्तक वाचले नव्हते. आज वाचले आहे. त्यातले काय पटले आणि काय पटले नाही ते सांगतो. मंडपात कोणी हसले नाही, टाळीही पडली नाही. बोलून झाल्यावर अभंग धरला, तेव्हा टाळकऱ्यांच्या रांगेत तो मुलगा उभा होता. वडिलांच्या शेजारी. टाळ घेऊन.

त्याने माळ घातलेली नाही. देव आहे असेही तो अजून म्हणत नाही. दरवर्षी सप्ताहाला येतो, येताना एखादे पुस्तक आणतो आणि विचारतो, "बुवा, हे वाचलंत का?" वाचलेले नसले तर मी सांगतो, "नाही बाबा, ठेव इथं. वाचून सांगतो."

राम कृष्ण हरि.